आवाज सोडून बाकी सगळे चालते

लिनक्स या संगणकप्रणालीच्या अनुयायांना सर्वाधिक अभिमान वाटतो तो तिच्या पारदर्शकपणाचा. तिचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरांनी लिहिलेला मूळ मजकूर, जगातील कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेला इतरांना वाटताही येतो. तिच्यात लपवाछपवीला जागा नाही असे हे अनुयायी छातीठोकपणे सांगतात आणि ते खरेही आहे. मात्र ही सत्यनिष्ठ प्रणाली एखाद्या लॅपटॉपवर प्रत्यक्ष बसविली की त्या लॅपटॉपच्या आसपास वावरणारे सर्वजण, म्हणजे यंत्र, प्रणाली, विक्रेता आणि मालक, एकमेकांशी सर्रास खोटे बोलू लागतात, असे निरीक्षणास येते. या खोटेपणात दुष्टावा नसतो, सलोख्याची इच्छा असते. किंबहुना तो नसता तर आवाज, वाय-फाय आणि झोप या तिन्ही गोष्टी एकाच लॅपटॉपवर एकाच दिवशी सुखाने नांदल्या नसत्या.

या खोटेपणाचा सर्वांत निरुपद्रवी प्रकार लिनक्सधारकाच्या, म्हणजे स्वतःच्या लॅपटॉपवर स्वतःच्या हाताने लिनक्स बसविणाऱ्या गृहस्थाच्या, तोंडी आढळतो. त्याची कोणी चौकशी केली तर संवाद साधारणपणे पुढीलप्रमाणे होतो.

'काय, लिनक्स नीट चालतं का?'

'एकदम मस्त. सगळं चालतं.'

'आवाज येतो?'

'आवाज सोडून.'

'आणि वाय-फाय?'

'चालतं की. मोबाईल केबलने जोडून ठेवला की चालतं.'

वस्तुतः हार्डवेअरच्या बाबतीत लिनक्सचा प्रारंभ कमालीच्या प्रामाणिकपणाने झाला होता. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या प्रणालीची जाहीर वर्दी दिली, तेव्हा हा नुसता छंद आहे, त्यातून फार मोठे काही उभे राहणार नाही, आणि स्वतःजवळ आहे त्या एटी प्रकारच्या हार्ड डिस्कखेरीज दुसरी कोणतीही डिस्क तिच्यावर बहुधा कधीच चालणार नाही, असे त्याने आधीच सांगून टाकले होते. पुढे हे भाकीत सपशेल चुकले. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालत आला आहे, आणि लिनक्सधारक ही गोष्ट प्रत्येक वादात ब्रह्मास्त्र म्हणून बाहेर काढतो. महासंगणकाला मिटण्यासारखे झाकण नसते, ब्राइटनेस कमीजास्त करण्याच्या कळा नसतात आणि त्याला पाठीवरच्या बॅगेत कोंबून कोणी लोकलने नेत नाही, ही बाब त्या वादात सहसा निघत नाही.

येथे दोन संज्ञांचा उलगडा आवश्यक आहे. काटेकोरपणे पाहता लिनक्स हे नाव कर्नलचे, म्हणजे यंत्राचे भाग आणि त्यांवर चालणारे प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसलेल्या मध्यस्थाचे आहे. आणि त्यापैकी एखाद्या विशिष्ट भागाशी कसे बोलावे हे ज्याला ठाऊक असते अशा कर्नलच्या हिश्श्याला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्स कर्नलचा निम्म्याहून अधिक मजकूर या ड्रायव्हरांनीच व्यापलेला आहे, तरीही लिनक्सधारकाच्या लॅपटॉपमधील नेमक्या भागाचा ड्रायव्हर त्यात नसतो किंवा गेल्याच महिन्यात कोणीतरी दुरुस्त केलेला असतो. याचे कारण गूढ नाही. लॅपटॉप बनविणारे आपल्या यंत्राची चाचणी प्रामुख्याने विंडोजवर घेतात व ड्रायव्हरही विंडोजसाठी लिहितात; लिनक्सचा ड्रायव्हर मात्र पुष्कळदा कोणाला तरी कागदपत्रांवाचून, त्या भागाचे वर्तन बाहेरून न्याहाळत, अंदाजपंचे लिहावा लागतो. ही अडवणूकही जुनीच आहे. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतील एका लेसर प्रिंटरमध्ये वरचेवर कागद अडकत असे, आणि त्याची सूचना सर्वांना मिळावी म्हणून रिचर्ड स्टॉलमन याने त्याचा सोर्स कोड मागितला असता तो देण्यास नकार मिळाला. या अनुभवाने धुमसत राहून १९८३ मध्ये ज्याने मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तो हाच स्टॉलमन. एका अडकलेल्या कागदापायी एवढी चळवळ उभी राहू शकते, तर लिनक्सधारकाचा एक रविवार वाया गेला याचे दुःख किती करावे, असाही प्रश्न उरतो.

लॅपटॉपच्या संदर्भातील असत्याचा उगम पुष्कळदा दुकानातच होतो. भारतात काही लॅपटॉप विंडोजशिवाय, पण फ्रीडॉस या १९९४ साली सुरू झालेल्या साध्या प्रणालीसह विकले जातात आणि बोलीभाषेत त्यांना 'डॉसवाला' असे म्हणतात. या यंत्रावर फ्रीडॉस वापरण्याचा विचार बनविणाऱ्याच्या, विकणाऱ्याच्या वा घेणाऱ्याच्या मनात क्षणभरही आलेला नसतो, तरीही खोक्यावर तिचे नाव छापलेले असते आणि तिघेही त्याकडे सभ्यपणे दुर्लक्ष करतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात अशा वेळी जो संवाद होतो तो ठरलेला असतो.

'साहेब, डॉसवाला घ्या, पैसे वाचतील. विंडोज मी मारून देतो.'

'विंडोज नको. मी लिनक्स टाकणार आहे.'

'अच्छा, म्हणजे हॅकिंगच्या लाइनमध्ये आहात.'

लिनक्सधारक बँकेत कारकून असतो, परंतु हा गैरसमज दूर करण्याची त्याला कधीच घाई नसते.

यानंतरचे असत्य खुद्द प्रणालीच्या मुखातून बाहेर पडते आणि ते समजून घेण्यासारखे आहे. वीज, बॅटरी, पंखा, झोप, झाकण इत्यादी बाबतींत यंत्र आणि प्रणाली यांनी परस्परांशी कसा व्यवहार करावा याचा एसीपीआय नावाचा नियमसंच इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. लॅपटॉपचे फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरच साठविलेला आणि प्रणालीच्या आधी जागा होणारा प्रोग्रॅम, या नियमसंचाच्या आधारे नव्याने आलेल्या प्रणालीची ओळख विचारू शकते. आणि सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन ज्याप्रमाणे ओळखीच्या फ्लॅटचे नाव सांगणाऱ्यास सलाम ठोकून आत सोडतो व नवख्यास रजिस्टर भरावयास लावतो, त्याप्रमाणे ते उत्तर पाहून आपली वागणूक ठरविते. ही गोष्ट ध्यानात आल्यावर लिनक्सने व्यवहारी पवित्रा घेतला. 'तू विंडोज एक्सपी का?' असे विचारल्यास ती 'हो' म्हणते, 'व्हिस्टा का?' असे विचारल्यास 'हो' म्हणते, 'सेव्हन का?' आणि 'टेन का?' यांनाही तितक्याच निर्मळपणे 'हो' म्हणते. केवळ 'तू लिनक्स का?' एवढ्या एकाच प्रश्नाला तिचे उत्तर 'नाही' असे असते. यामागे अनुभव आहे. फर्मवेअरमधील विंडोजसाठी राखलेल्या वाटेची चाचणी झालेली असते, तर जेथे लिनक्ससाठी निराळी वाट ठेवलेली असते तेथे ती लिनक्सच्या कोणत्या तरी जुन्या, एव्हाना दुरुस्त झालेल्या दोषावरचा उतारा म्हणून ठेवलेली असते आणि आता उपायापेक्षा अपायच करते. त्यामुळे एखाद्या भाबड्या फर्मवेअरने 'तू लिनक्स का?' असे विचारलेच, तर कर्नल आपल्या रोजनिशीत त्या प्रश्नाची नोंद 'फर्मवेअरमधील दोष' या सदराखाली करतो आणि प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्याचेही तेथेच लिहून ठेवतो. स्वतःची खरी ओळख विचारणाऱ्यालाच दोषी ठरविण्याची ही रीत मनुष्यप्राण्यात पूर्वीपासून प्रचलित होती. यंत्रांनी ती उचलली एवढेच.

वाय-फायच्या प्रकरणी असत्याला तात्त्विक उंची प्राप्त होते. वाय-फायच्या पुष्कळशा चिप जन्मतः रिकाम्या डोक्याच्या असतात व त्यांत प्रत्येक वेळी संगणक सुरू होताना ड्रायव्हरला एक फर्मवेअर फाइल भरावी लागते. ही फाइल कंपनीच्या मालकीची असून तिचा सोर्स कोड मिळत नाही. डेबियन या डिस्ट्रोने, म्हणजे कर्नल आणि उपयुक्त प्रोग्रॅम यांची एकत्र मोट बांधलेल्या लिनक्सच्या एका जुन्या आवृत्तीने, अशा अशुद्ध फाइली आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये अनेक वर्षे येऊ दिल्या नाहीत. परिणामी इन्स्टॉलर अत्यंत नम्रपणे कळवीत असे की वाय-फाय चालण्यासाठी अमुक फाइल लागेल. ती फाइल इंटरनेटवर मिळे आणि इंटरनेट वाय-फायवर. ज्यांना तत्त्वापेक्षा वाय-फाय प्यारे होते त्यांच्यासाठी त्या फाइली घातलेला दुसरा इन्स्टॉलर डेबियनच्याच सर्व्हरवर ठेवलेला असे, मात्र त्यावर 'अनधिकृत' अशी पाटी असे. सोवळेही राहिले आणि पंगतही उठली. अखेरीस २०२२ मध्ये सदस्यांनी रीतसर मतदान घेऊन ही पाटी काढण्याचे ठरविले व जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून त्या फाइली उजळ माथ्याने आत आल्या. तोपर्यंत लिनक्सधारक मोबाईल केबलने जोडून गरज भागवीत असे. त्याच्या हातातील अँड्रॉइड मोबाईलही लिनक्स कर्नलवरच चालतो आणि त्याचे वाय-फाय मुकाट्याने चालते, हे त्याच्या ध्यानात येत असे, पण तो विषय वाढवीत नसे. शिवाय वाय-फाय बंद असण्यास दर वेळी फाइलच कारणीभूत असेल असेही नाही. काही लॅपटॉपच्या कडेला वाय-फाय बंद करणारे नखाएवढे बटण असते, ते बॅगेत घालताना सरकते, आणि तीन डिस्ट्रो बदलून झाल्यानंतर घरातील एखादे शाळकरी मूल ते 'हे काय आहे?' असे विचारत पुन्हा सरकविते. कर्नलच्या नव्या आवृत्तीने अडचण सुटली, असे लिनक्सधारक त्यानंतर सर्वांना सांगतो.

आवाजाची व्यवस्था अनेक मजली आहे. तळमजल्यावर अल्सा नावाची कर्नलमधील यंत्रणा साउंड कार्डाशी बोलते, तिच्या वर पूर्वी पल्सऑडिओ आणि हल्ली पाइपवायर नावाचा प्रोग्रॅम निरनिराळ्या प्रोग्रॅमांचे आवाज एकत्र करून योग्य जागी पोहोचवितो, आणि सर्वांत वर आवाजाची ती परिचित पट्टी असते जी शंभर टक्क्यांवर असूनही खोलीत शांतता असते. अशा वेळी अल्सामिक्सर नावाचा प्रोग्रॅम उघडून पाहिल्यास मास्टर, हेडफोन, स्पीकर अशा उभ्या पट्ट्या दिसतात व त्यांपैकी नेमकी स्पीकरची पट्टी टोकापर्यंत भरलेली असून तिच्या पायाशी एमएम ही अक्षरे असतात. ही अक्षरे म्हणजे तोंड बंद असल्याची खूण होय. ती नसली तर आवाज एचडीएमआय या, टीव्ही जोडण्याच्या मार्गाने, न जोडलेल्या टीव्हीकडे रवाना होत असतो.

'अहो, आवाज का येत नाहीये?'

'येतोय. फक्त दुसरीकडे जातोय.'

'कुठे?'

'टीव्हीत.'

'टीव्ही तर बंद आहे.'

'म्हणूनच ऐकू येत नाहीये.'

तांत्रिकदृष्ट्या हे उत्तर अचूक असते, आणि संसारात अचूक उत्तरांची जी गत होते तीच याचीही होते.

पडद्याच्या उजेडाविषयीही असाच समंजसपणा दिसून येतो. ब्राइटनेसची कळ दाबली की पडद्यावर सूर्याचे छोटे चित्र उगवते, शेजारची पट्टी शिस्तीत कमी होत जाते आणि पडद्याचा उजेड जराही कमी होत नाही. याचे कारण काही यंत्रांवर उजेड नियंत्रित करण्याचे एकाहून अधिक मार्ग कर्नलला सापडतात, एक फर्मवेअरमार्फत आणि एक थेट ग्राफिक्स चिपकडून, आणि पट्टी नेमकी त्यातल्या निष्क्रिय मार्गाला जोडलेली असते. त्यावर कर्नलला सुरू होतानाच अमुक मार्ग वापर अशी ताकीद देण्याचा उपाय असतो. तो सापडेपर्यंत लिनक्सधारक रात्री गॉगल लावून काम करतो, किंवा पांढऱ्या अक्षरांची काळी पार्श्वभूमी डोळ्यांना चांगली असते असे मत बनवितो.

सर्वांत गंभीर असत्य मात्र झोपेविषयीचे आहे. पूर्वीच्या लॅपटॉपमध्ये एस-३ नावाची झोप असे. तीत मेमरीचा वीजपुरवठा तेवढा चालू ठेवून बाकी बहुतेक सर्व यंत्र बंद केले जाई. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपमधून ही गाढ झोप काढून टाकण्यात आली असून तिच्या जागी मोबाईलसारखी सावध डुलकी आली आहे, जीत प्रोसेसर बंद होत नाही, केवळ कमी विजेच्या अवस्थेत पडून राहतो आणि तोही तेव्हाच, जेव्हा त्याच्या अवतीभवतीचा प्रत्येक भाग निमूटपणे पडून राहील. एखाद्या कार्ड रीडरच्या ड्रायव्हरला झोप लागली नाही की त्याच्या पायी सबंध यंत्र कूस बदलत राहते, झाकण मिटलेले, दिवा मंद झालेला आणि आत सर्वजण टक्क जागे. अशा अवस्थेत लॅपटॉप बॅगेत घालून डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडणाऱ्या लिनक्सधारकास साधारणपणे ठाण्यानंतर पोटाशी ऊब जाणवू लागते.

'भाऊ, तुमच्या बॅगेतून घूं घूं आवाज येतोय.'

'लॅपटॉप आहे. झोपलाय.'

'घोरतोय मग.'

कार्यालयात पोचल्यावर बॅटरी संपलेली असते, आणि चार्जर घरी असतो, कारण झोपलेल्या लॅपटॉपला तो कशाला लागेल असा रास्त विचार केलेला असतो.

कॅमेऱ्याच्या बाबतीत तर लिनक्सच्या खरेपणाचाच जाच होतो. काही लॅपटॉपमध्ये कॅमेरा कारखान्यातच उलटा बसविला गेला आणि त्यावर तोडगा म्हणून विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये चित्र पुन्हा सुलटे करण्याची सोय करण्यात आली. लिनक्सच्या सर्वसाधारण ड्रायव्हरला या आतल्या तडजोडीची कल्पना नसल्याने त्याने कॅमेऱ्याला जसे दिसले तसे दाखविले, आणि ऑनलाइन बैठकीत लिनक्सधारक छतास लोंबकळताना दिसू लागला.

'तुम्ही उलटे का दिसताय?'

'नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, सर.'

पुढे लिनक्सच्या कॅमेराविषयक लायब्ररीत, म्हणजे अनेक प्रोग्रॅमांनी मिळून वापरावयाच्या सामाईक कोडमध्ये, उलट्या कॅमेऱ्यांच्या लॅपटॉपची यादीच घालण्यात आली. त्या यादीतील यंत्र आढळले की चित्र गुपचूप उलटे करावे, म्हणजे ते सुलटे होते. अशा रीतीने दुसऱ्याच्या चुकीवर पांघरूण घालण्याची कला लिनक्सलाही अवगत झाली.

ग्राफिक्सच्या क्षेत्रात मात्र सलोखा टिकला नाही. काही लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात, एक कमी वीज खाणारी इंटेलची आणि दुसरी ताकदवान एनव्हिडियाची, आणि कामानुसार त्यांच्यात अदलाबदल करण्याची ऑप्टिमस नावाची सोय प्रारंभी केवळ विंडोजपुरती होती. ही उणीव भरून काढण्यासाठी बम्बलबी नावाचा प्रकल्प पुढे आला आणि २०११ मध्ये त्याच्या एका स्क्रिप्टमध्ये, फाइली पुसण्याच्या आज्ञेत, एक रिकामी जागा चुकून जास्त पडली. त्या रिकाम्या जागेमुळे, जी फाइल पुसायची तिच्या पत्त्याचे दोन तुकडे झाले व त्यातला पहिला तुकडा म्हणजे 'यूएसआर' ही संगणकातील बहुतेक प्रोग्रॅम जेथे राहतात ती संपूर्ण डिरेक्टरी होती. ग्राफिक्सची अडचण असलेल्या संगणकांवर त्यानंतर ग्राफिक्सची अडचण उरली नाही, कारण काहीच उरले नाही. पुढे जून २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठातील एका कार्यक्रमात श्रोत्यांतून ऑप्टिमसविषयीच प्रश्न आला, तेव्हा टोरवाल्ड्सने एनव्हिडियाइतकी वाईट कंपनी आपल्या वाट्याला आली नाही असे सांगून कॅमेऱ्याकडे पाहत हाताचे मधले बोट उंचावले. १९९१ नंतर लिनक्स आणि हार्डवेअर यांच्या संबंधांवर इतके निःसंदिग्ध भाष्य झाले नव्हते. कंपनीनेही ते मनावर घेतले असावे, असे मे २०२२ मध्ये तिने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधील भाग खुला केल्याचे पाहून म्हणता येईल. मनावर घेण्यास दहा वर्षे लागली एवढेच.

हे सर्व पार पडून एखाद्या दिवशी खरोखरच आवाज येतो, वाय-फाय लागते, पडदा मंद होतो आणि झाकण मिटल्यावर यंत्र झोपते. त्या दिवशी लिनक्सधारक अस्वस्थ होतो. काही वेळ तो निरर्थकपणे पट्ट्या खालीवर करून पाहतो, मग दुसऱ्या एखाद्या डिस्ट्रोत हीच गोष्ट अधिक सफाईने होते असे त्याच्या कानावर येते, आणि रात्री उशिरापर्यंत तिची फाइल उतरवीत तो बसतो. जी गोष्ट आपण दुरुस्त केलेली नाही ती आपली वाटत नाही, हा मनुष्यस्वभाव असून त्यास कोणताही ड्रायव्हर उपलब्ध नाही. अशाच एका रात्री पुतण्याचा फोन येतो.

'काका, नवीन लॅपटॉप घेतोय. लिनक्स टाकू का? काही त्रास होतो का?'

'त्रास? छे! सगळं आपोआप होतं. फक्त घेण्याआधी मॉडेल नंबर मला पाठव, आणि वाय-फायची चिप कुठली आहे ते विचार, आणि कडेला छोटं बटण आहे का तेवढं बघ.'

पुतण्या हुशार असल्याने विंडोजच घेतो, घरी येऊन लॅपटॉप सुरू करतो आणि पहिल्या पाच मिनिटांतच परवान्याच्या लांबलचक अटी एकही ओळ न वाचता 'मान्य' या बटणावर क्लिक करतो.